प्रकाशाचीही मात्रा असते

रात्री साडेआठच्या सुमारास शहरातला एखादा मोठा चौक पाहावा. सिग्नलचा दिवा ताटलीएवढा असतो. त्याच्या बरोबर मागे, इमारतीच्या दर्शनी भिंतीवर, चाळीस फूट रुंदीचा डिजिटल फलक उजळलेला असतो. फलकावर लाल रंगाची जाहिरात आली की सिग्नलचा लाल दिवा त्यात हरवतो. पांढऱ्या पार्श्वभूमीची जाहिरात आली की सगळा चौक क्षणभर उजळतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा काळवंडतो. झेब्रा पट्ट्यावरून रस्ता ओलांडणारी वृद्ध व्यक्ती, हेल्मेटच्या ओरखडलेल्या काचेतून पाहणारा दुचाकीस्वार आणि समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर झोपायच्या तयारीत असलेले मूल, या तिघांच्याही डोळ्यांत तो प्रकाश शिरतो. त्यांपैकी कोणीही तो मागितलेला नसतो.

जाहिरात फलकांची चर्चा आपल्याकडे दोन कारणांनी होते. एक कारण महसुलाचे, दुसरे दुर्घटनेचे. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरच्या छेडानगर भागात वादळी वाऱ्यात एक महाकाय फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. मुंबईत ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना तो फलक १२० बाय १२० फुटांचा होता. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्यात जुना बाजार चौकात चार जण आणि एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे पाच जण फलकाखाली सापडून दगावले होते. त्यामुळे पाया, सांगाडा, वाऱ्याचा दाब, संरचनात्मक तपासणी यांवर बोलले जाऊ लागले. ते आवश्यकच होते. मात्र जुना कापडी किंवा फ्लेक्सचा फलक आता झपाट्याने पडद्यात बदलत आहे, आणि पडद्याचा धोका सांगाड्यापुरता नसतो. तो न कोसळताही दररोज संध्याकाळी काही ना काही करत असतो. ते किती आणि कसे, हे मोजता येते. औषधाप्रमाणे प्रकाशालाही मात्रा असते. मात्रा ठरवायची तर मोजमाप हवे, वेळ हवी आणि लक्ष ठेवणारा माणूस हवा.

फलक नव्हे, दिवा

जुन्या फलकावर वरून किंवा खालून दिवे सोडलेले असतात. त्या दिव्यांचा प्रकाश फलकावर पडतो आणि परावर्तित होऊन आपल्यापर्यंत येतो. डिजिटल फलक मात्र स्वतःच दिवा असतो. त्यात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांचे हजारो सूक्ष्म एलईडी असतात आणि त्यांच्या कमी-जास्त उजळण्यातून चित्र तयार होते.

भर दुपारच्या उन्हात चित्र दिसायचे तर पडद्याला सूर्याशी स्पर्धा करावी लागते. म्हणून असे फलक दर चौरस मीटरला पाच हजार कॅन्डेला किंवा त्याहून अधिक तेजस्विता देऊ शकतील असे बनवतात. रात्री मात्र तेच चित्र स्पष्ट दिसायला तीनशे कॅन्डेलाही पुरेसे होतात. दिवसा योग्य असलेली तेजस्विता रात्री दहा-पंधरा पटींनी जास्त ठरते. चांगल्या फलकात सभोवतालचा उजेड मोजणारा सेन्सर असतो आणि अंधार पडू लागला की तो पडदा मंद करतो. सेन्सरवर धूळ बसली, तो बिघडला किंवा कुणी मुद्दाम बंद ठेवला, तर फलक रात्रीही दुपारच्याच जोमाने जळत राहतो.

आणखी एक गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. पांढरा रंग दाखवताना तिन्ही रंगांचे दिवे एकाच वेळी पेटतात, तर काळ्या भागात दिवे जवळजवळ बंद असतात. त्यामुळे त्याच फलकावर, त्याच सेटिंगवर, काळ्या पार्श्वभूमीची जाहिरात सौम्य वाटते आणि पांढऱ्या पार्श्वभूमीची डोळे दिपवते. म्हणूनच फलकाची तेजस्विता पूर्ण पांढरा पडदा लावून मोजायची असते.

येथे दोन एककांतला फरक समजून घ्यावा. पडदा स्वतः किती तेजस्वी आहे हे कॅन्डेला प्रति चौरस मीटरमध्ये मोजतात. त्याचा प्रकाश दूरच्या एखाद्या ठिकाणी, म्हणजे खिडकीवर किंवा डोळ्यावर, किती पडतो हे लक्समध्ये मोजतात. पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास प्रकाश असतो, चांगल्या उजळलेल्या मुख्य रस्त्यावर पंधरा ते तीस लक्स, घराच्या दिवाणखान्यात शंभर-दोनशे लक्स आणि भर उन्हात एक लाख लक्स.

या आकड्यांवरून एक सोपा हिशेब करता येतो. ४० बाय २० फुटांच्या फलकाचे क्षेत्रफळ सुमारे ७४ चौरस मीटर होते. तो ३०० कॅन्डेलावर पूर्ण पांढरा उजळला आणि समोरची खिडकी ५० मीटरवर असेल, तर खिडकीवर सुमारे नऊ लक्स प्रकाश पडतो. तेजस्विता एक हजार केली तर तीस लक्स. सेन्सर बिघडून फलक पाच हजारांवर राहिला, तर जवळजवळ दीडशे लक्स, म्हणजे घरातला दिवा लावल्यासारखा. फलकाचा आकार बदललेला नसतो, परवाना बदललेला नसतो, भाडेही तेच असते. समोरच्या घरात पोहोचणारी मात्रा मात्र सोळापटींनी वाढलेली असते.

डोळ्यासमोरचा पडदा

तीव्र प्रकाशाने डोळे दिपणे हा प्रत्येकाचा अनुभव आहे. त्यातला एक भाग केवळ त्रासाचा असतो. दुसरा भाग अधिक गंभीर असतो, कारण त्यात दिसणेच कमी होते. डोळ्यातील नेत्रभिंग आणि इतर पारदर्शक भाग शंभर टक्के पारदर्शक नसतात. बाजूच्या तेजस्वी स्रोतातून आलेला प्रकाश त्यांच्यात थोडा विखुरतो आणि दृष्टिपटलावर सगळीकडे पातळ धुक्यासारखा पसरतो. समोरच्या दृश्यातला उजेड-अंधाराचा फरक त्यामुळे पुसट होतो. पांढऱ्या साडीतली व्यक्ती कदाचित दिसेल. गडद कपड्यांतला पादचारी, काळे जनावर किंवा दिवा नसलेली हातगाडी दिसणार नाही.

हे धुके किती दाट होणार, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट कोनाची. तेजस्वी स्रोत नजरेच्या रेषेच्या जितका जवळ तितका त्रास जास्त. कोन निम्मा झाला की हा परिणाम साधारण चौपट होतो. त्यामुळे रस्त्याच्या कडेला बराच बाजूला असलेला फलक आणि सिग्नलच्या बरोबर मागे असलेला फलक यांची तेजस्विता सारखी असली, तरी दुसरा कितीतरी अधिक घातक ठरतो. दुसरी गोष्ट वयाची. वाढत्या वयाबरोबर नेत्रभिंगातला प्रकाशाचा विखार वाढतो. प्रकाशतंत्रात वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार हा परिणाम सत्तराव्या वर्षी तरुणपणाच्या साधारण दुप्पट होतो. मोतीबिंदू असेल तर याहूनही अधिक. सुरुवातीच्या मोतीबिंदूचे अनेक रुग्ण दिवसा चांगले वाचतात, तक्त्यावरची अक्षरे ओळखतात आणि तरीही रात्री गाडी चालवणे नको म्हणतात, त्याचे कारण हेच.

त्यानंतर येतो अंधाराशी जुळवून घेण्याचा प्रश्न. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यातील शंकुपेशी काही मिनिटांत सावरतात, पण मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशींना पूर्ण क्षमतेला यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. शहरातल्या रस्त्यावर पूर्ण अंधार क्वचितच असतो, त्यामुळे एवढा वेळ लागत नाही. तरी झगमगत्या चौकातून दिवे नसलेल्या गल्लीत वळणाऱ्या चालकाला पहिले काही सेकंद कमी दिसते. खड्डा, गतिरोधक किंवा उभा ट्रक नेमका त्याच सेकंदांत समोर येऊ शकतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोकांचा मृत्यू झाला. त्यात ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पादचारी होते. यांपैकी किती मृत्यूंत फलकाचा हात होता, हे या आकड्यांतून कळत नाही, आणि अपघातानंतर ‘मी जाहिरात पाहत होतो’ असे स्वतःहून सांगणारा चालकही विरळाच. मात्र रस्त्यावर सर्वाधिक असुरक्षित कोण आहे, हे आकडे स्वच्छ सांगतात. ज्यांना दिसले पाहिजे आणि जे दिसले पाहिजेत, असे लोक म्हणजे हे दोन गट.

दोन सेकंदांची किंमत

माणसाच्या नजरेची एक सवय आहे. दृष्टीच्या कडेला काही हलले किंवा अचानक बदलले की डोळे आपोआप तिकडे वळतात. ही सवय आपल्याला जगवत आली आहे. गवतातला साप किंवा झाडीतले जनावर याच सवयीमुळे दिसते. डिजिटल फलक ती वापरतो. स्थिर फलक रोजच्या वाटेवर असेल तर चार दिवसांनी त्याच्याकडे कोणी पाहत नाही. बदलता फलक रोज नवा असतो.

चालकाने रस्त्यावरून नजर किती वेळ हटवावी, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत शंभर मोटारींमध्ये कॅमेरे व उपकरणे बसवून, लोकांच्या रोजच्या प्रवासाची सुमारे वर्षभर नोंद घेण्यात आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार एकूण दोन सेकंदांहून जास्त वेळ नजर रस्त्यावरून हटली, तर अपघात किंवा अपघात थोडक्यात टळण्याचा धोका किमान दुप्पट होतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दोन सेकंदांत २८ मीटर पुढे जाते. एवढ्या अंतरात आपल्याकडच्या बहुतेक चौकांचा झेब्रा पट्टा मागे पडलेला असतो.

फलकांवरचे अभ्यास मात्र एकमुखी नाहीत, हेही सांगायला हवे. स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळच्या महामार्गावर काही डिजिटल फलक २००९ मध्ये चाचणी म्हणून लावले गेले. ४१ चालकांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या, तेव्हा इतर चिन्हांपेक्षा या फलकांवर नजर अधिक वेळा आणि अधिक वेळ खिळत असल्याचे दिसले. गाडी चालवण्यात मात्र मोजता येईल असा बिघाड आढळला नाही, आणि धोका निश्चितपणे सिद्ध झाला असे संशोधकांनीही म्हटले नाही. तरीही तेथील प्रशासनाने फलकांची परवानगी काढून घेतली. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने दोन शहरांत केलेल्या अभ्यासात चालक बहुतांश वेळ रस्त्याकडेच पाहत होते आणि फलकाकडे टाकलेली नजर सहसा एका सेकंदाच्या आत परत येत होती. या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली. एकाच प्रश्नावर एका देशाने सावधगिरी स्वीकारली आणि दुसऱ्याने सोय.

यात आपल्या रस्त्यांचे वेगळेपण विसरता येत नाही. हे अभ्यास शिस्तबद्ध मार्गिका असलेल्या रस्त्यांवर झाले. तिथे सेकंदभर नजर हटल्यावर समोरून रिक्षा वळण्याची, दुभाजकातून माणूस उतरण्याची किंवा उलट्या दिशेने दुचाकी येण्याची शक्यता कमी. आपल्याकडे तोच एक सेकंद अधिक महाग आहे.

लुकलुकणे का नको

फलकांच्या जवळजवळ सर्व नियमांत लुकलुकणाऱ्या प्रकाशाला बंदी असते. त्यामागे लक्ष विचलित होण्याखेरीज आणखी एक वैद्यकीय कारण आहे. साधारण चार हजारांत एका व्यक्तीला प्रकाशसंवेदी अपस्मार असतो, म्हणजे विशिष्ट गतीने लुकलुकणाऱ्या प्रकाशाने तिला फिट येऊ शकते. मुले आणि किशोरवयीन यांच्यात हे प्रमाण अधिक असते.

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेच्या एका भागात लाल आणि निळा रंग सेकंदाला बारा वेळा आलटून पालटून दाखवला गेला. हे दृश्य काही सेकंदांचेच होते. त्या संध्याकाळी सुमारे सातशे जणांना, त्यांत बहुतेक मुलांना, रुग्णालयांत न्यावे लागले. अनेकांना त्याआधी कधीच फिट आलेली नव्हती. अशा अनुभवांतून दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत, हा दंडक दृढ झाला. तो रस्त्यावरच्या मोठ्या पडद्यालाही लागू व्हायला हवा. घरातला टीव्ही बंद करता येतो, चौकातला पडदा नाही.

ज्यांना असा त्रास आहे त्यांनी एक साधी युक्ती लक्षात ठेवावी. लुकलुकणारा प्रकाश समोर आला तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा आणि मान फिरवावी. नुसते डोळे मिटणे पुरत नाही, कारण पापणीतून लाल प्रकाश आत जातच राहतो.

खिडकीतून येणारा दिवस

डोळा केवळ पाहण्यासाठी नसतो. दृष्टिपटलात काही चेतापेशी अशा आहेत की त्या चित्र पाहत नाहीत, फक्त उजेड किती आहे हे मोजतात आणि मेंदूतील जैविक घड्याळाला कळवतात. त्यांचे कार्य २००२ च्या सुमारास स्पष्ट झाले. त्यांच्यातील मेलॅनोप्सिन हे द्रव्य निळसर प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असते. डिजिटल पडद्याच्या थंड पांढऱ्या उजेडात हा निळा भाग भरपूर असतो. संध्याकाळनंतर असा प्रकाश डोळ्यांत गेला की मेंदूला अजून दिवस असल्याचा निरोप मिळतो, मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे लांबते आणि झोप पुढे सरकते.

२०२२ मध्ये या विषयातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने घरातील प्रकाशासाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या. दिवसा किमान २५०, झोपेपूर्वीचे तीन तास जास्तीत जास्त १० आणि झोपेत जास्तीत जास्त १ लक्स, असे त्यांचे सार आहे. हे लक्स मेलॅनोप्सिनच्या संवेदनशीलतेनुसार मोजायचे असतात, पण थंड पांढऱ्या प्रकाशासाठी दोन्ही आकडे बरेच जवळ येतात. त्याच वर्षी अमेरिकेत निरोगी तरुणांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात, एकच रात्र १०० लक्स प्रकाशात झोपल्याने रात्रीचा हृदयाचा वेग वाढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावलेला आढळला. प्रयोगात मोजकेच लोक होते, त्यामुळे त्यावरून समोरच्या फलकाने मधुमेह होतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पण आधीच मधुमेह, रक्तदाब किंवा निद्रानाश असलेल्यांनी झोपेची खोली अंधारी ठेवावी, असे सांगायला एवढा आधार पुरतो.

वर केलेला हिशेब इथे पुन्हा आठवावा. ५० मीटरवरच्या मंद ठेवलेल्या फलकानेही खिडकीवर नऊ लक्स प्रकाश येतो. खोलीत पलंगापर्यंत त्याचा काही भागच पोहोचतो आणि जाड पडदा तो आणखी कमी करतो. मात्र उन्हाळ्यात वाऱ्यासाठी खिडकी उघडी ठेवणाऱ्या आणि एकाच खोलीत सगळे कुटुंब झोपणाऱ्या घराला जाड पडद्याचा सल्ला देणे सोपे नाही. फलकाचे भाडे ज्याला मिळते तो वेगळा, आणि खिडकी बंद करून घामात झोपणारा वेगळा.

नियम काय सांगतात

फलकांच्या प्रकाशावर कायद्याने बंधन घालण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ऑक्टोबर १९६५ मध्ये महामार्ग सुशोभीकरण कायद्यावर सही केली. त्यानंतर राज्यांशी झालेल्या करारांत लुकलुकणाऱ्या, थांबून-थांबून पेटणाऱ्या आणि हलत्या दिव्यांना मनाई आली. पुढे डिजिटल फलक आले तेव्हा वाद उभा राहिला. दर काही सेकंदांनी बदलणारे स्थिर चित्र म्हणजे ‘थांबून-थांबून पेटणारा दिवा’ आहे की नाही? २००७ मध्ये महामार्ग प्रशासनाने मार्गदर्शन दिले की प्रत्येक चित्र ४ ते १० सेकंद, शक्यतो ८ सेकंद, स्थिर राहिले तर चालेल. निसर्गसौंदर्य जपणाऱ्या संघटनेने त्याला न्यायालयात आव्हान दिले, पण २०१६ मध्ये निकाल प्रशासनाच्या बाजूने लागला. व्हरमाँट, मेन, हवाई आणि अलास्का या चार राज्यांत मात्र असे रस्त्यालगतचे फलकच चालत नाहीत.

आठ सेकंद हा आकडा आता जगभर फिरतो. तो तपासून पाहावा. ३०० मीटरवरून दिसणारा फलक ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाच्या समोर सुमारे २२ सेकंद राहतो. म्हणजे त्याला दोन ते तीन बदल दिसतात. एका चालकाला एकापेक्षा जास्त बदल दिसू नये असे ठरवले, तर तिथे किमान २२ सेकंदांची स्थिरता हवी. जितक्या दुरून फलक दिसतो तितका हा अवधी वाढायला हवा. एकच आकडा सगळ्या चौकांना लागू पडत नाही.

तेजस्वितेसाठी अमेरिकी जाहिरात व्यवसायाने स्वतःच एक मर्यादा सुचवली आहे. ठरलेल्या अंतरावरून मोजल्यास फलकामुळे आसपासच्या उजेडात ०.३ फूट-कॅन्डल, म्हणजे सुमारे तीन लक्सपेक्षा जास्त भर पडू नये. ४० बाय २० फुटांच्या फलकासाठी हे अंतर सुमारे ८६ मीटर येते आणि तेजस्विता ३२० कॅन्डेलाच्या आसपास. व्यवसायाला स्वतःहून मान्य असलेली मर्यादाही पुष्कळदा दिसणाऱ्या झगमगाटापेक्षा बरीच खाली आहे.

इतर देशांनी याहून पुढची पावले टाकली. ब्राझीलमधील साओ पावलो या महानगराने जानेवारी २००७ पासून बाहेरच्या जाहिरातींवर जवळजवळ सरसकट बंदी घातली आणि पुढे बसथांबे व रस्त्यावरच्या घड्याळांपुरती ती सैल केली. फ्रान्सने ऑक्टोबर २०२२ मध्ये, विजेच्या टंचाईच्या काळात, रात्री एक ते सकाळी सहा या वेळेत उजळणाऱ्या जाहिराती बंद ठेवण्याचा नियम देशभर लागू केला.

भारतात रस्त्यालगतच्या जाहिरातींबाबत इंडियन रोड्स काँग्रेसचे धोरण १९७२ पासून आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील वाहतुकीला धोकादायक फलक काढण्याचा आदेश दिला. मुंबईत १८८८ च्या महापालिका अधिनियमातील कलम ३२८ आणि ३२८-अ हा मूळ आधार आहे. राज्यातील इतर महापालिकांसाठी २०२२ चे नियम आहेत. कायद्याच्या मराठीत या फलकांना ‘आकाशचिन्ह’ असे गोड नाव आहे. घाटकोपरनंतर मुंबई महापालिकेने आखलेल्या नव्या धोरणात डिजिटल फलकांची तेजस्विता ३:१ या गुणोत्तरात असावी आणि लुकलुकणाऱ्या जाहिराती नसाव्यात, अशा अटी आहेत. प्रकाशाचा विचार नियमात आला, हे स्वागतार्ह आहे.

गुणोत्तराची अट पाळायची तर आधी प्रश्न येतो, कशाशी गुणोत्तर? दिवे असलेल्या रस्त्याचा पृष्ठभाग रात्री दर चौरस मीटरला एक-दोन कॅन्डेला एवढाच उजळ असतो. त्याच्या तिप्पट म्हणजे पडदा जवळजवळ विझलेला दिसेल, आणि कोणताही जाहिरातदार तो स्वीकारणार नाही. तुलना शेजारच्या दुसऱ्या झगमगत्या फलकाशी केली, तर एकमेकांच्या आधाराने दोघेही वाढत जातील. म्हणून गुणोत्तरासोबत रात्रीच्या कमाल तेजस्वितेचा थेट आकडा असणे सोयीचे. शिवाय ती तपासायला उपकरण लागते, ते वापरणारा माणूस लागतो आणि त्याने रात्री बाहेर पडावे लागते. सांगाड्याची तपासणी दिवसा होते. प्रकाशाची तपासणी कार्यालय बंद झाल्यावरच होऊ शकते.

काय मागता येईल

डिजिटल फलकांमुळे पालिकेला उत्पन्न मिळते, फ्लेक्सचा कचरा कमी होतो आणि पूर किंवा वादळाचा इशारा मिनिटांत सगळ्या शहराला देता येतो. त्यामुळे सगळे पडदे उतरवा, असा आग्रह धरण्याची गरज नाही. परवान्यावर आज लांबी, रुंदी आणि शुल्क लिहिले जाते. त्याच कागदावर आणखी काही गोष्टी हव्यात: रात्रीची कमाल तेजस्विता, पूर्ण पांढऱ्या पडद्यावर मोजलेली, चित्र बदलण्याचा किमान अवधी, त्या जागेच्या दृश्य-अंतरानुसार ठरवलेला, रात्री फलक बंद करण्याची वेळ, सेन्सर बिघडला तर पडदा आपोआप मंद होण्याची सोय, सिग्नलच्या मागे आणि रुग्णालयाच्या खिडक्यांसमोर फलक नसल्याची खात्री, आणि फलकावरच ठळक लिहिलेला तक्रारीचा क्रमांक.

नागरिकांच्या हातातही काही गोष्टी आहेत. तक्रार करताना ‘फार झगमगाट आहे’ एवढेच न लिहिता तारीख, वेळ, फलकाचा परवाना क्रमांक आणि घरापासूनचे अंतर लिहावे. मोबाइलवरील लक्स मोजणारे अॅप अचूक नसते, पण फलक चालू आणि बंद असतानाचे खिडकीतले दोन आकडे शेजारी ठेवले तर फरक दाखवता येतो. नुसत्या छायाचित्रावर विसंबू नये, कारण कॅमेरा उजेड स्वतःहून कमी-जास्त करतो.

पन्नाशी ओलांडलेल्यांना रात्रीच्या दिव्यांभोवती वलये दिसत असतील किंवा समोरच्या दिव्यांनी डोळे फार दिपत असतील, तर नेत्रतपासणी करून घ्यावी. तक्त्यावरची अक्षरे दिसतात म्हणून थांबू नये आणि हा रात्रीचा त्रास डॉक्टरांना आवर्जून सांगावा. हेल्मेटची ओरखडलेली काच बदलावी, मोटारीची काच आतूनही पुसावी. रात्री गाडी चालवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पिवळ्या चष्म्यांनी पादचारी अधिक लवकर दिसतो, असे चाचणीत आढळलेले नाही, त्यामुळे त्यांवर पैसे घालवू नयेत.

झोपण्याच्या खोलीत पलंगाची दिशा बदलून खिडकी पाठीमागे घेतली, तरी डोळ्यांवर पडणारा प्रकाश बराच घटतो. हा खर्च न करता करण्याजोगा उपाय आजच रात्री करता येईल. फलक मंद करण्याचा उपाय मात्र पालिकेच्या परवाना विभागातूनच यायला हवा, आणि त्यासाठी तिथे अर्ज पोहोचायला हवा.